पेन्सिलीचं फाटक

बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या आणि हातातली पेन्सिल आपल्या नाकासमोर आडवी धरायच्या. त्याचा अर्थ एकच, आता कुणी मध्ये बोलायचं नाही. रेल्वेचं फाटक पडल्यावर गाड्या निमूट उभ्या राहतात तसं समोरच्यानं उभं राहायचं. पेन्सिल खाली आली की रस्ता मोकळा. आणि तोवर अडलेला शब्द त्या स्वतःच उच्चारायच्या, तुम्ही नाही.

हे फाटक माझ्याइतक्या वेळा आणखी कुणासमोर पडलं असेल असं मला वाटत नाही. कारण समोरच्याचं वाक्य पुरं करणं ही माझी जन्मजात खोड आहे. तुमच्याही घरात किंवा ऑफिसात अशी एखादी बाई असेल. तुम्ही "काल मी जरा..." म्हणायचा अवकाश, की "दुकानात गेला होतात?" असं विचारून मोकळी होणारी. ती मी. माझ्या सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणतात, "अगं, एकदा तरी मला माझ्या तोंडानं बोलू दे." मी म्हणते, "हो आई, तुम्ही बोला ना." आणि पुढचं वाक्य पुन्हा मीच पुरं करते.

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला राहतो. मंदार, म्हणजे माझा नवरा, आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमधले. मुलगी ईरा नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि या पेन्सिलवाल्या बाई तिसऱ्या. त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनी आयुष्याचा बराच भाग नाव दिसणार नाही अशा जागी बसून काढला, तर इथेही तसंच राहू दे. ईरा त्यांना 'ओमा ओबेन' म्हणायची, म्हणजे वरची आजी. मी मनातल्या मनात 'बाई' म्हणायचे. आमच्या शाळेत चांगल्या शिक्षिकेला दुसरं काही म्हणायची पद्धत नव्हती.

पहिली भेट जिन्यात झाली. आमच्या भागात जिना झाडायची पाळी असते, तिला केरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिन्यावर कचरा दिसला तर शेजारी तुमच्याकडे बघून नुसते सुस्कारे टाकतात. आम्ही या घरात राहायला आलो त्या आठवड्यात पाळी बाईंची होती. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढत होते. वरच्या वळणावर एक ताठ पाठीची म्हातारी झाडत होती. पांढरा अंबाडा, पायात पुरुषी बूट. झाडता झाडता ती जर्मनमध्ये मोठ्यानं म्हणाली, "आणि किल्ली... चाळीस वर्षं मी ही किल्ली..." आणि थांबली.

"हरवली?" मी खालूनच ओरडले. "काळजी करू नका, किल्लीवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. लगेच बोलावते."

त्या वळल्या आणि त्यांनी झाडू आडवा धरला. मी पिशव्यांसकट जागच्या जागी उभी. चार-पाच सेकंद तशीच गेली. मग झाडू खाली करून त्यांनी वाक्य पुरं केलं, "...चाळीस वर्षं मी ही किल्ली फक्त आतल्या बाजूनं फिरवली."

त्यानंतर त्या अस्सल अमेरिकन इंग्रजीत म्हणाल्या, "किल्ली माझ्या खिशात आहे. हे माझ्या नाटकातलं वाक्य आहे. आणि तू आत्ता माझा पॉज खाल्लास."

"पॉज खाल्ला?"

"सगळा. एक तुकडासुद्धा ठेवला नाहीस."

मी इतकी ओशाळले की संध्याकाळी डबाभर चिवडा घेऊन वर गेले. दिवाळीला अजून दोन महिने होते, पण घरातला चिवडा संपू द्यायचा नाही हा मंदारचा नियम आहे. बाईंनी चमच्यानं एक घास खाल्ला, डोळे मिटले, पेन्सिल शोधली आणि आडवी धरली. मी दाराशी गप्प उभी. मग त्या म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे बरं तर, "माफ केलं."

तेव्हापासून दर मंगळवारी चार वाजता त्या खाली यायच्या. मंगळवारी मी घरून काम करते. माझा चहा, त्यांची काळी कॉफी आणि मध्ये चिवडा. त्यातले दाणे त्या वेचून बाजूला ठेवायच्या आणि शेवटी एकदम खायच्या. मराठीतले दोनच शब्द त्या वापरायच्या. एक 'चिवडा' आणि दुसरा 'थांब'. 'थांब' हा मी ईराला दटावताना ऐकून उचललेला आणि वापरायचा मात्र माझ्यावर.

त्यांची हकिगत मला या मंगळवारांतून तुकड्यातुकड्यांनी कळली. ओहायोतल्या एका लहान गावात वडिलांचं खिळे-रंग-हातोड्यांचं दुकान. मुलगी मात्र गिऱ्हाइकांच्या नकला करणारी. अठराव्या वर्षी न्यूयॉर्कला पळाली. "पळाले कसली," त्या म्हणायच्या, "वडिलांनीच बसमध्ये बसवून दिलं. पण मुलाखतीत पळाले म्हणून सांगितलं की बरं दिसतं." तिथे रंगभूमीवर वर्षानुवर्षं त्या बदली नटी होत्या. म्हणजे मुख्य नटीचं सगळं पाठ करायचं, रोज रंगून बसायचं आणि ती आजारी पडायची वाट बघायची. "बाई घोड्यासारखी ठणठणीत होती," त्या सांगायच्या. "सात वर्षांत एकदा शिंकली. तेव्हा मी धावत जाऊन उभी राहिले, तर ती मला म्हणते, रुमाल आण." तरी मधूनमधून स्वतःच्या भूमिका मिळाल्या, चांगलं छापूनही आलं. दोन सिनेमे केले. एकात नुसत्या गर्दीत, दुसऱ्यात हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईचं काम. तीन वाक्यं आणि तिसऱ्या वाक्यानंतर गोळी.

तो गोळीचा सिनेमा एका रविवारी दुपारी इथल्या टीव्हीवर लागला, तेव्हा आम्ही त्यांना खाली बोलावलं. सिनेमा अर्थातच जर्मनमध्ये डब केलेला. पडद्यावर अठ्ठावीस वर्षांच्या बाई काउंटरमागे उभ्या राहिल्या, मान तिरकी केली आणि सफाईदार जर्मनमध्ये बोलल्या. आवाज भलत्याच बाईचा.

"बघा, बघा!" आमच्या सोफ्यावरच्या बाई टाळ्या पिटत ओरडल्या. "किती सुंदर जर्मन बोलते मी! एकही चूक नाही!"

गोळी लागली, त्या पडल्या आणि ईरा रडायला लागली. बाईंनी तिला मांडीवर घेतलं. "मी इथे आल्यावर त्या आवाजाच्या बाईंना शोधून काढलं," त्या मला म्हणाल्या. "कॉफी प्यायलो. मी त्यांना सांगितलं, मरताना तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कण्हलात."

आम्ही खूप हसलो. हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की या बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी अडचण याच चेष्टेत होती.

छत्तिसाव्या वर्षी त्या एका संगीत नाटकाच्या दौऱ्यावर श्टुटगार्टला आल्या. प्रकाशयोजना करणारा एक उंच, अबोल माणूस आवडला, दौरा पुढे गेला आणि त्या मागे राहिल्या. लग्न छान झालं. काम मात्र मिळेना. इथल्या नाट्यगृहात त्यांनी तीनदा परीक्षा दिली आणि तीनदा तेच उत्तर मिळालं. अभिनय उत्तम, पण बोलण्याचा हेल अमेरिकन. जर्मन राणी अमेरिकन हेलात बोलली तर प्रेक्षक हसतील. तिसऱ्या नकारानंतर कुणीतरी सुचवलं, सुफ्लोझेची जागा रिकामी आहे.

सुफ्लोझे म्हणजे आपला प्रॉम्प्टर. इथे ती रीतसर नोकरी असते. पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात छोटा दिवा लावून, संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि नट अडखळला तर शब्द पुरवायचा. बाईंनी ती नोकरी सव्वीस वर्षं केली. "कुजबुजताना हेल कळत नाही," त्या म्हणायच्या. "माझ्या जर्मनबद्दल सव्वीस वर्षांत कुणाची तक्रार आली नाही."

हे वाक्य त्या हसत म्हणायच्या. मला ते ऐकताना दर वेळी वाईट वाटायचं.

त्या कामातलं खरं कसब त्यांनी मला चिवड्याच्या ताटलीवर समजावलं. नट गप्प झाला की सुफ्लोझेनं एका क्षणात ठरवायचं, हा थांबलाय की विसरलाय? विसरला असेल आणि तुम्ही गप्प बसलात तर तो बुडाला. थांबला असेल आणि तुम्ही बोललात तर तुम्ही त्याला बुडवलंत. संहितेत ठरलेल्या पॉजच्या जागी त्या पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा मारायच्या. त्यालाही मी फाटकच म्हणायचे. "पण रेघांवर विसंबू नकोस," त्या म्हणायच्या. "पायांकडे बघ. थांबलेला माणूस चवड्यांवर असतो, त्याला पुढे जायचं असतं. विसरलेला टाचांवर जातो."

मी लगेच ऑफिसच्या मीटिंगांमध्ये लोकांचे पाय बघायला लागले. निम्मं ऑफिस टाचांवर असतं, एवढं तुम्हाला खात्रीनं सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी त्या आल्या, तेव्हा हातात पेन्सिलीऐवजी डॉक्टरांचा कागद होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. तो कागद दाखवायला त्यांना बहुतेक मीच जवळची वाटले. "सुरुवात आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "आठवण हळूहळू जाईल. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द सांभाळले, आता माझेच निसटायला लागलेत." मी चिवड्याची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी दाणे वेगळे केले, मोजूनमापून खाल्ले आणि म्हणाल्या, "आता ते नाटक करायला हवं. पुढच्या वर्षी नाही, या वर्षी."

ते नाटक म्हणजे जिन्यावर बोलायच्या तेच. अनेक वर्षं त्या ते लिहीत होत्या. घर सोडणारी एक म्हातारी बाई. घरमालकाचा माणूस आलाय. या देशात घर परत देताना खोली न् खोली तपासून एका कागदावर टिकमार्क करतात, भिंती ठीक, नळ ठीक, तसं ती करत जाते आणि प्रत्येक खोलीत तिला काहीतरी आठवतं. चाळीस मिनिटं, एकटीनं. जर्मनमध्ये, स्वतःच्या आवाजात, आपला हेल न लपवता. जर्मन भाषेत त्यांनी रंगमंचावर एकदाही उजेडात तोंड उघडलं नव्हतं. ते त्यांना एकदा करायचं होतं, बस.

"आणि मला सुफ्लोझे लागेल," त्या म्हणाल्या. "तू."

माझी चूक अशी की मी त्यांना आधीच फुशारकीनं सांगून ठेवलं होतं, पुण्यात कॉलेजच्या एकांकिकांना मीच प्रॉम्प्टर असायचे. मात्र आमची पद्धत काय होती ते सांगितलं नव्हतं. आमचे नट परीक्षा, प्रेमप्रकरणं आणि चहा यांतून वेळ मिळाला तर पाठांतर करणारे. त्यामुळे प्रॉम्प्टरनं विंगेत उभं राहून अख्खं नाटक एक वाक्य पुढे वाचत जायचं आणि नटांनी ते कानात घेत घेत बोलायचं. एका स्पर्धेत तर परीक्षकांनी शेरा दिला होता की विंगेतला आवाज स्पष्ट आणि भावपूर्ण होता.

तालमी त्यांच्या बैठकीच्या खोलीत सुरू झाल्या. त्या थांबल्या की मी बोलायचे. त्या श्वास घ्यायला थांबल्या तरी बोलायचे. "थांब!" त्या मराठीत ओरडायच्या. "तिथे फाटक आहे. तुला दिसत नाही का?" दिसायचं हो. पण माझं तोंड आणि माझे डोळे यांची ओळख जरा कमी.

श्टुटगार्टमध्ये तळघरातलं एक छोटं नाट्यगृह आहे, साठेक खुर्च्यांचं. तिथली व्यवस्थापक तिशीची, मनानं चांगली मुलगी. तिनं संहिता वाचली, तिला आवडली आणि तिनं एक तालीम बघायला मागितली. आम्ही गेलो. बाई मंचावर, ती मुलगी तिसऱ्या रांगेत, मी कोपऱ्यात. पहिली वीस मिनिटं इतकी छान झाली की मीच भारावले. मग झोपायच्या खोलीचा प्रसंग आला. तिथे बाई नवऱ्याच्या रिकाम्या बाजूकडे बघत थांबायच्या. संहितेत दोन ठसठशीत रेघा होत्या. बाई चवड्यांवर होत्या. मला सगळं माहीत होतं. पण तिसऱ्या रांगेतली मुलगी खुर्चीत चुळबुळली, मी घाबरले आणि माझ्या तोंडून पुढचं वाक्य बाहेर पडलं. स्पष्ट आणि भावपूर्ण.

तालीम संपल्यावर ती मुलगी हळुवारपणे म्हणाली, "आपण याचं वाचन ठेवू या का? टेबल, दिवा, पाण्याचा ग्लास. म्हणजे तुमच्यावर ताण नाही."

तिला वाटलं, बाई विसरल्या. मी विसरायला लावलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्या विसरल्याच नव्हत्या, आणि विसरल्यासारखं मी दाखवलं होतं.

बाई तिला म्हणाल्या, "कागद हातात धरला की मी पुन्हा सुफ्लोझे. ते मी केलंय." बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. एक रविवार, सकाळी अकराचा प्रयोग. संहिता मंचाच्या कडेला एका टेबलावर ठेवायची. बाई अडल्या तर त्यांनी ती उचलायची, पुढचं वाचून दाखवायचं आणि नंतरचे दोन रविवार वाचनाचेच होतील. नाही अडल्या तर तिन्ही प्रयोग नाटकाचे.

परतीच्या ट्राममध्ये त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचा मंगळवार आला नि गेला. पाळीची पाटीसुद्धा त्यांनी बेल न वाजवता आमच्या दाराला अडकवली. मी कधी नव्हे तो जिना तीनदा झाडला.

आठव्या दिवशी मी चिवडा घेऊन वर गेले. "दुसरी कुणी बघा," मी म्हटलं. "माझ्याच्यानं हे होणार नाही. मी तुमचं नुकसान करीन." आणि मला रडू आलं. त्यांनी मला आत बसवलं, रडू दिलं आणि मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. असं कुणी ऐकून घेतलं की रडणंसुद्धा लवकर संपतं.

मग म्हणाल्या, "ईरा तुझ्याशी जर्मनमध्ये का बोलते, माहितेय?"

"इथली सगळी मुलं तशीच बोलतात. मराठी कळतं, पण शब्द आठवत नाहीत."

"मी पाच वर्षं तुझ्या स्वयंपाकघरात बसतेय. ती सुरू करते, शब्द शोधते, चवड्यांवर असते बिचारी. आणि तू तो शब्द तिच्या तोंडात कोंबतेस. मग ती म्हणते, जाऊ दे, आणि जर्मन बोलते. ती विसरलेली नाही. तू तिला आठवू देत नाहीस."

इतकं खरं कुणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं. सासूबाईंनीही नाही, म्हणजे बघा.

त्यांनी मला आपली एक पेन्सिल दिली. एक आठवडा घरात कुणाचंही वाक्य पुरं करायचं नाही. तोंड उघडलं की पेन्सिल तोंडासमोर आडवी. मंदारनं पहिल्या दिवशी "आज ऑफिसात..." एवढं बोलून सवयीनं माझी वाट पाहिली. मी पेन्सिल धरून गप्प. शेवटी त्याला ती हकिगत स्वतःच सांगावी लागली, आणि लग्नानंतर प्रथमच मला तिचा शेवट आधी माहीत नव्हता. सासूबाई फोनवर सलग अकरा मिनिटं बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आज किती छान गप्पा झाल्या गं आपल्या!"

तिसऱ्या दिवशी जेवताना ईरा काहीतरी सांगत होती. मध्येच अडली. मी पेन्सिल उचलली. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मग माझ्या मुलीनं चमचा खाली ठेवला आणि काळजीच्या सुरात, पूर्ण मराठीत विचारलं, "आई, तू आजारी आहेस का?"

मंदार हसत सुटला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून जरा वेळ उभी राहिले. मग धावत वर जाऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. "उद्या चार वाजता तालीम."

प्रयोगाच्या रविवारी मी पर्समधून नारळ नेला. आपल्याकडे नारळ फोडल्याशिवाय पडदा उघडत नाही. तळघराच्या पायरीवर मी तो फोडला, व्यवस्थापक मुलगी दोन पावलं मागे सरली. बाईंना ते विलक्षण आवडलं. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच खाली वाकून पायरीवरचं पाणी त्यांनी रुमालानं पुसून घेतलं. चाळीसहून जास्त वर्षं या भागात काढलेली बाई, पायरी ओली कशी सोडणार?

साठ खुर्च्या भरल्या होत्या. मंदार आणि ईरा चौथ्या रांगेत. मी कोपऱ्यात, मांडीवर संहिता. मंचाच्या कडेला ते टेबल आणि त्यावर ते कागद. सुरुवातीला बाईंचा हेल ऐकून दोन-चार जण हसले. दहा मिनिटांनी कुणाला हेल ऐकूच येत नव्हता. झोपायच्या खोलीतला पॉज त्यांनी घेतला, मी ओठ घट्ट मिटले आणि तो पूर्ण झाला.

आता शेवटचीच जागा राहिली होती, स्वयंपाकघर. बाईंच्या एका हातात टिकमार्कांचा कागद, दुसऱ्यात पेन्सिल. "भिंती, ठीक. नळ, ठीक. खिडकी..."

आणि त्या थांबल्या.

मी संहितेत बघितलं. तिथे रेघा नव्हत्या. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्या टाचांवर होत्या.

त्या विसरल्या होत्या. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता, आणि आता तो देणं हेच माझं काम होतं. मी श्वास घेतला, तेवढ्यात त्यांचा हात हलला. पेन्सिल हळूहळू वर आली आणि त्यांच्या नाकासमोर आडवी झाली. पाय सांगत होते, शब्द दे. पेन्सिल सांगत होती, थांब. मी व्यवस्थापक मुलीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या कागदांकडे बघत होती. मला आयुष्यात कधी वाटली नाही एवढी भीती वाटली. आणि मी तोंड मिटलं.

मंदार म्हणतो, वीस सेकंद झाली असतील. मला विचाराल तर त्यात एक पावसाळा मावला असता. पण कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही. साठ माणसं त्या न दिसणाऱ्या खिडकीकडे बघत होती.

पेन्सिल खाली आली. "खिडकी," बाई म्हणाल्या. "या खिडकीशी उभी राहून चाळीस वर्षं मी तुमची भाषा हळू आवाजात बोलून पाहिली. कुणी ऐकू नये म्हणून." मग कागदावर टिकमार्क केला. "खिडकी, ठीक."

हे वाक्य संहितेत नव्हतं. त्याच्यानंतरचं होतं, आणि त्याच्यानंतरचंही. शेवटपर्यंत सगळं आलं. टेबलावरच्या कागदांना कुणी हात लावला नाही.

टाळ्या थांबेनात. व्यवस्थापक मुलगी रडत होती आणि म्हणत होती, "तो खिडकीजवळचा पॉज! किती धीटपणे घेतला!"

मी आत रंगपटात गेले. बाई खुर्चीत बसून बूट काढत होत्या. मी विचारलं, "थांबला होतात की विसरला होतात?"

"विसरले होते," त्या म्हणाल्या. "पूर्ण कोरं. मी कोण, कुठे उभी आहे, तेही क्षणभर कळेना."

"मग पेन्सिल का धरलीत?"

"घाबरले की मी तेच करते." त्यांनी दुसरा बूट काढला. "तू बोलली असतीस तर सगळ्यांना कळलं असतं. तू थांबलीस, म्हणून त्यांना वाटलं मी थांबलेय. मग मलाही तसंच वाटायला लागलं."

पुढचे दोन्ही रविवार नाटकाचेच झाले. दुसऱ्या रविवारी मी दोन शब्द दिले, तिसऱ्या रविवारी तीन. योग्य जागी दिले, हे त्यांनीच सांगितलं, आणि बाई खोटी स्तुती करणाऱ्यांतल्या नव्हेत.

मागच्या वसंतात त्या उत्तरेला समुद्राकाठच्या एका वृद्धाश्रमात गेल्या. जवळच नवऱ्याची पुतणी राहते, ती रोज येऊन बघते. तिसऱ्या मजल्यावर आता एक तरुण जोडपं आलंय. जिना बरा झाडतात, पण मुकाट्यानं. जाताना बाईंनी घराचा कागद खराच भरला, खोली न् खोली, आणि घरमालकाच्या माणसाला प्रत्येक खोलीत पॉज घेऊन हैराण केलं.

मंगळवारी चार वाजता मी फोन करते. कधी त्या मला नावानं हाक मारतात, कधी नणंद समजतात. कधी एखादा शब्द अडतो आणि येतच नाही. मग त्या शांतपणे फोन ठेवून देतात आणि मी पुढच्या मंगळवारची वाट बघते. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच हळूहळू चाललंय. पण नाटकाचं विचारलं की अजून म्हणतात, "तीन प्रयोग केले. तिन्ही उजेडात."

परवाच्या मंगळवारी त्यांचा आवाज खुशीत होता. "इकडे कधी येतेस?" त्यांनी विचारलं.

"ईराला सुट्टी लागली की, पुढच्याच आठवड्यात. आम्ही तिघंही येतोय."

"ये. आणि येताना ते आण. ते... ते तुमचं..."

मला माहीत होतं काय ते. तुम्हालाही माहीत आहे. शब्द माझ्या ओठांवर आला आणि तोंड उघडलंच. टेबलाशी ईरा गणितं सोडवत बसली होती. तिनं वहीतून मान वर न करता हात लांब केला आणि आपली पेन्सिल माझ्या नाकासमोर आडवी धरली.

मी थांबले. फोनमधून पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता. कुणीतरी कपबशांची गाडी ढकलत नेत होतं. बाईंचा श्वास ऐकू येत होता. मी त्यांच्या पायांचा विचार करत होते, टाचांवर असतील की चवड्यांवर.

"चिवडा," बाई म्हणाल्या.

"गेनाऊ," मी म्हटलं.

ईरानं पेन्सिल खाली घेतली आणि पुढचं गणित मांडलं.